आधी संसार, मग लग्न: मधल्या कागदाचे काय होते?

२०२४ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा एक अर्ज आला. तक्रार बलात्काराची होती आणि बचावासाठी आरोपीने एक नोटरी केलेला करार पुढे केला होता. दोघे १ ऑगस्ट २०२४ ते ३० जून २०२५ असे ११ महिने एकत्र राहतील, पटले नाही तर महिनाभराची नोटीस देऊन वेगळे होतील, या काळात ती त्याच्यावर लैंगिक छळाची तक्रार करणार नाही, तिला दिवस गेले तर जबाबदारी तिची एकटीची, अशी सात कलमे त्यात होती. त्यावरची सही आपली नाहीच, असे तक्रारदार स्त्रीचे म्हणणे होते. जामीन मंजूर झाला आणि कलमे वर्तमानपत्रांत छापून आली.

अकरा महिने आणि महिन्याची नोटीस. महाराष्ट्रात ज्याने कधी भाड्याने खोली घेतली आहे, त्याला हा मसुदा कुठून उचलला ते सांगावे लागणार नाही.

जामीन मिळाला म्हणजे करार वैध ठरला, असे मात्र नाही. प्रथमदर्शनी संबंध संमतीचा दिसतो का, एवढ्यापुरताच असा कागद जामिनाच्या वेळी उपयोगी पडतो. त्यातली बहुतेक कलमे दिवाणी न्यायालयात उभीही राहणार नाहीत. गुन्ह्याची तक्रार करण्याचा हक्क करार करून सोडता येत नाही. मुलाच्या पोषणाची बापावरची जबाबदारी आईने सही केली म्हणून संपत नाही. तो हक्क मुलाचा असतो आणि मूल त्या कराराचा पक्षकारच नसते. संसाराचा विचार करून लिहिलेला हा कागद नव्हेच. पोलीस ठाण्याच्या भीतीने लिहिलेला आहे. गेल्या काही वर्षांत 'लिव्ह-इन करार' या नावाने जे नमुने पाचशेच्या स्टँप पेपरवर छापून मिळतात, त्यांतले बरेचसे याच भीतीतून जन्मलेले असतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ ने, लग्न करण्याचा हेतू नसताना लग्नाचे वचन देऊन शरीरसंबंध ठेवण्याला १ जुलै २०२४ पासून दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा ठरवल्यावर ती भीती वाढली, आणि 'लग्नाचे कोणतेही वचन दिलेले नाही' हे वाक्य मसुद्यात पहिल्या पानावर आले.

पण सगळेच जण वेगळे व्हायच्या तयारीने एकत्र राहत नाहीत. दोन-तीन वर्षे एकत्र राहून पाहायचे, जमले तर लग्न करायचे, अशी जोडपी पुण्या-मुंबईत आता काही दुर्मीळ नाहीत. दोघांच्या पगारातून एका फ्लॅटचे हप्ते जात असतात, एकाच्या आजारपणात दुसऱ्याची बचत खर्च झालेली असते. अशा जोडप्याला खरा प्रश्न पडतो तो असा: आज आपण काही लिहून ठेवले आणि उद्या आपणच एकमेकांशी लग्न केले, तर त्या कागदाचे काय होते?

कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर आहे. तिथल्या कुटुंब कायद्याचे कलम ५३ म्हणते की सहवास करार केलेल्या दोघांनी एकमेकांशी लग्न केले, तर तोच करार विवाह करार समजला जाईल. पुन्हा लिहायला नको, पुन्हा सह्या नकोत. टोरंटो-मिसिसागाकडे स्थायिक झालेल्या मराठी मुलामुलींना वकील हे पहिल्या भेटीतच सांगतात, कारण लग्नाने तिथे फार मोठा फरक पडतो. लग्नाशिवाय तीन वर्षे एकत्र राहिलेल्यांना पोटगी मागता येते, पण संसारात वाढलेल्या मालमत्तेची बरोबरीने वाटणी फक्त विवाहितांना मिळते. शेजारच्या नव्हे, पण त्याच देशातल्या ब्रिटिश कोलंबियात मात्र दोन वर्षे एकत्र राहणाऱ्यांना मालमत्तेच्या बाबतीतही जोडीदार मानतात. देश एक, पण राहता कुठे यावर उत्तर ठरते.

ओंटारियोच्या कायद्याची खरी गंमत त्याच्या अपवादात आहे. 'घर माझे आहे, फाटले तर तू तीस दिवसांत बाहेर पडशील' असे कलम सहवास करारात लिहिता येते. लग्न झाले की करार पुढे चालू राहतो, पण हे कलम निकामी होते. वैवाहिक घरात राहण्याचा जोडीदाराचा हक्क विवाह कराराने काढून घेता येत नाही, असे कलम ५२ सांगते. म्हणजे कागद तोच, शब्द तेच, आणि लग्नाच्या दिवशी त्यातली एक ओळ गळून पडते. शिवाय एकाने आपली मोठी मालमत्ता किंवा कर्ज लपवले असेल, किंवा सही करणाऱ्याला आपण काय सोडून देतो आहोत हे कळलेलेच नसेल, तर न्यायालय करार बाजूला सारू शकते. म्हणून तिथले वकील दोघांना एका टेबलाशी बसवून सह्या घेत नाहीत. प्रत्येकाने आपापला वकील करावा असा आग्रह धरतात.

आपल्याकडे असे एकही वाक्य कायद्यात नाही. आणि त्यामुळेच इंटरनेटवरून उतरवलेला परदेशी मसुदा महाराष्ट्रात घातक ठरतो. त्याच्या मागे उभा असलेला कायदा इथे नसतो.

इथे सुरुवात होते १८७२ च्या करार कायद्यापासून. त्याच्या कलम २३ नुसार ज्या कराराचा हेतू अनैतिक किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे, तो रद्दबातल. लग्नाविना एकत्र राहणे हा गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये खुशबू खटल्यात स्पष्ट केले. पण गुन्हा नसणे आणि त्यासाठीचा करार न्यायालयाने अंमलात आणून देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कलम २६ तर बहुतेकांना माहीतच नसते. सज्ञान माणसाच्या लग्नावर बंधन घालणारा प्रत्येक करार त्याने रद्दबातल ठरतो. तेव्हा 'करार चालू असेपर्यंत दोघांपैकी कोणीही तिसऱ्याशी लग्न करणार नाही' ही ओळ कितीही प्रेमाने लिहिलेली असली, तरी तिची किंमत शून्य.

कागदाच्या आडून कायद्याला वळसा घालण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने दुसरे लग्न बंद केल्यानंतर गुजरातेत 'मैत्री करार' नावाचा प्रकार रुजला. विवाहित पुरुष आणि दुसरी स्त्री स्टँप पेपरवर मैत्रीची शपथ घेत आणि एकत्र राहत. त्या कागदाने त्या स्त्रीला बायकोचा एकही हक्क मिळाला नाही. जवळपास असाच अनुभव बंगळुरूच्या एका स्त्रीला २०१३ मध्ये आला, तिच्याकडे तर कागदही नव्हता. विवाहित पुरुषाबरोबर अठरा वर्षे काढल्यावर तिने कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दाद मागितली, आणि सर्वोच्च न्यायालयाने इंद्रा सरमा निकालात सांगितले की तो विवाहित असल्याचे ठाऊक असताना जोडलेले हे नाते 'विवाहसदृश' म्हणता येणार नाही.

'विवाहसदृश नाते' हा २००५ च्या त्या कायद्यातला शब्दप्रयोग फार मोलाचा आहे, कारण लग्न न केलेल्या स्त्रीला राहत्या घरात राहण्याचा, संरक्षणाचा आणि आर्थिक मदतीचा हक्क त्यातून मिळतो. २०१० च्या वेलूसामी निकालाने त्याच्या अटी घातल्या: समाजात नवरा-बायकोसारखे वावरणे, दोघे लग्नाच्या वयाचे आणि लग्नाला पात्र असणे, स्वखुशीने बऱ्यापैकी काळ एकत्र राहिलेले असणे. आता त्या ११ महिन्यांच्या मसुद्याकडे पुन्हा पाहा. 'आम्ही स्वतःला पती-पत्नी समजत नाही व तसे कोणाला सांगणार नाही' असे वाक्य अशा मसुद्यांत हमखास असते. न्यायालय त्याला बांधील नाही, पण उद्या त्या स्त्रीला संरक्षण मागायची वेळ आली तर तिच्याच सहीचा हा पुरावा तिच्यासमोर ठेवला जाईल. सही करायच्या आधी मुलीने, तिच्या आईबापांनी किंवा निदान मैत्रिणीने हे वाक्य शोधावे आणि खोडून टाकावे.

उत्तराखंडने वेगळी वाट धरली. २७ जानेवारी २०२५ पासून तिथे लिव्ह-इन नात्याची नोंदणी सक्तीची आहे; एका महिन्यात नोंद केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. टाकून दिलेल्या स्त्रीला पोटगीचा हक्क आणि मुलांना औरसपणा त्या कायद्याने दिला, हे बरे केले. पण कोण कोणाबरोबर राहतो याची सरकारी नोंदवही आणि तीही तुरुंगाच्या धाकाने, हे मला कोणत्याही अंगाने पटत नाही. महाराष्ट्रात तसली नोंद नाही.

मग महाराष्ट्रातल्या जोडप्याने लिहायचे तरी काय? नात्याविषयी जवळजवळ काहीच नाही. मालमत्तेविषयी मात्र बारकाईने. दोन सज्ञान माणसे एकत्र फ्लॅट घेतात, कर्ज काढतात, एकमेकांना पैसे उसने देतात, तेव्हा त्यांचे आपसातले नाते काय आहे याच्याशी करार कायद्याला देणेघेणे नसते. असा करार शुद्ध दिवाणी व्यवहार असतो आणि लग्न झाले म्हणून तो मरतही नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ४५ सांगते की दोघांनी मिळून स्थावर घेतली आणि वेगळे काही ठरवले नसेल, तर ज्याने जितके पैसे घातले त्या प्रमाणात त्याचा हिस्सा. खरेदीखतात हिस्से लिहिले नाहीत तर दहा वर्षांनी बँकेचे उतारे काढत बसावे लागते. तेव्हा ६० आणि ४० टक्के काय ते खरेदीखतातच लिहावे, हप्ते ज्याचे त्याच्या खात्यातून जावेत, आणि वेगळे व्हायची वेळ आली तर कोणी कोणाचा हिस्सा कोणत्या दराने घ्यायचा हे एका साध्या सहमालकी करारात ठरवून ठेवावे.

इथे एक सापळा आहे. पगार त्याचा आणि फ्लॅट तिच्या एकटीच्या नावावर, किंवा उलट, असे प्रेमाने केले जाते. १९८८ च्या बेनामी व्यवहार कायद्यात पती किंवा पत्नीच्या नावे, उघड उत्पन्नातून घेतलेल्या मालमत्तेला सूट आहे. लग्न न केलेल्या जोडीदाराला ती नाही. व्यवहार बेनामी ठरला तर मालमत्ता सरकारजमा होऊ शकते आणि एक ते सात वर्षांच्या सक्तमजुरीची तरतूद आहे. 'नंतर लग्न करणारच होतो' हे त्यावरचे उत्तर नाही, कारण पाहिली जाते ती खरेदीच्या दिवशीची स्थिती.

भेटींचेही तसेच. आयकराच्या दृष्टीने नवरा-बायको नातेवाईक आहेत, लिव्ह-इन जोडीदार नाहीत. वर्षभरात पन्नास हजारांच्या वर रक्कम भेट दिली की ती घेणाऱ्याचे उत्पन्न धरली जाते. महाराष्ट्रात राहते घर नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला बक्षीसपत्राने दिले, तर मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये, वर स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च. तेच घर लग्नाआधी दिले तर विक्रीखताइतके शुल्क. तेव्हा फ्लॅटमधला हिस्सा जोडीदाराच्या नावावर करायचा असेल आणि लग्न ठरलेलेच असेल, तर बक्षीसपत्र लग्नानंतरच करावे. घाईने लाखभर रुपये सरकारला देणारी माणसे असतात.

लग्नाच्या दिवशी कोणता कागद जगतो आणि कोणता मरतो, हे सगळ्यांत गुंतागुंतीचे होते ते मृत्युपत्रात. हिंदू उत्तराधिकार कायद्यात लिव्ह-इन जोडीदार वारस नाही. एकाचा अपघात झाला तर दुसऱ्याला घराच्या किल्ल्याही सासरच्यांकडे, म्हणजे न झालेल्या सासरच्यांकडे, द्याव्या लागतील. म्हणून शहाणी जोडपी एकमेकांच्या नावे मृत्युपत्र करतात. भारतीय उत्तराधिकार कायद्याचे कलम ६९ म्हणते की लग्न केले की आधीचे मृत्युपत्र आपोआप रद्द. मात्र हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना कलम ५७ ने यातून वगळले आहे. म्हणजे हिंदू मुलाने लिव्ह-इनच्या काळात केलेले मृत्युपत्र लग्नानंतरही टिकते, आणि ख्रिस्ती किंवा पारशी मुलीने केलेले, त्याच जोडीदाराशी लग्न केले तरी, त्याच क्षणी संपते. आंतरधर्मीय जोडपी विशेष विवाह कायद्याखाली लग्न करतात तेव्हा त्यांच्या वारशाला भारतीय उत्तराधिकार कायदाच लागू होतो. त्यांनी लग्नानंतर मृत्युपत्र नव्याने लिहिणेच सुरक्षित.

भविष्य निर्वाह निधीत तर धर्माचाही भेद नाही. १९५२ च्या योजनेनुसार सभासदाला कुटुंब नसेल तर तो कोणालाही नॉमिनी करू शकतो. पण कुटुंब झाले की ते नामनिर्देशन तत्काळ अवैध. जिच्या नावे नामनिर्देशन केले तिच्याशीच लग्न केले, तरी फॉर्म पुन्हा भरायचा. आणि नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हेही ध्यानात असू द्यावे. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यात हे पुन्हा ठणकावून सांगितले. नॉमिनीच्या हाती पैसे येतात, ते कोणाचे हे वारसा कायदा किंवा मृत्युपत्र ठरवते.

उरला तो लग्नाआधीचा करार, चित्रपटांमुळे जो सगळ्यांना ऐकून माहीत असतो. मुसलमानांत निकाह हाच मुळी करार. मेहर आणि वाजवी अटी निकाहनाम्यात लिहिता येतात आणि त्यांवर न्यायालयात दादही मिळते. हिंदूंच्या बाबतीत न्यायालये फार पूर्वीपासून नाखूश. १९०१ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयापुढे टेकैत मनमोहिनी खटला आला. नवऱ्याने लग्नाआधी लिहून दिले होते की तो कायम सासुरवाडीलाच राहील. न्यायालयाने तो करार मानला नाही. आजही पोटगी सोडून दिल्याचे कलम न्यायालयाला बांधत नाही. २०१३ च्या नागेंद्रप्पा नाटिकर निकालात तर एकरकमी तडजोड घेतलेल्या पत्नीलाही हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखाली पुन्हा दाद मागू दिली. तरी असा करार अगदीच वाया जात नाही. लग्नाआधी कोणाचे काय होते, कर्ज किती होते, दागिने कोणी आणले, याची दोघांच्या सहीची यादी म्हणून तो घटस्फोटाच्या खटल्यात चांगला पुरावा ठरतो. करार न म्हणता यादी म्हटले तरी चालेल.

आणि हे सगळे बांद्याच्या अलीकडे. तेरेखोल ओलांडून गोव्यात शिरले की चित्र उलटे होते. तिथे १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून लागू झाला, मुक्तीनंतर १९६२ च्या कायद्याने तो तसाच ठेवला, आणि त्यात लग्नाआधीचा करार हा अपवाद नसून रुळलेली वहिवाट आहे. काहीच लिहिले नाही तर लग्नाबरोबर दोघांची सगळी मालमत्ता, आधीची आणि नंतरची, सामाईक होते. प्रत्येकाचा निम्मा वाटा. स्थावर विकायची तर दोघांच्याही सह्या लागतात. हे नको असेल तर पूर्ण वेगळी मालमत्ता, आधीची वेगळी आणि नंतरची सामाईक, किंवा हुंड्याच्या पद्धतीची व्यवस्था, असे पर्याय आहेत. पण ते निवडायचे तर लग्नाआधी, नोटरीसमोर, सार्वजनिक दस्त करून. साधा स्टँप पेपर चालत नाही. आणि लग्न झाल्यावर हा करार बदलता येत नाही, रद्दही करता येत नाही.

हा कायदा घराच्या उंबऱ्यापर्यंतच थांबत नाही. आयकर कायद्यातही गोव्याच्या जोडप्यांसाठी खास तरतूद आहे: पगार सोडून बाकीचे उत्पन्न नवरा-बायकोत निम्मे-निम्मे धरले जाते. सप्टेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुझे पावलो कुतिन्यो खटल्यात सांगितले की गोवेकराच्या गोव्याबाहेरच्या मालमत्तेच्या वारशालाही हाच कायदा लागतो. वाद मुंबईतल्या मालमत्तेचा होता. त्या कायद्यात माणसाला मृत्युपत्राने फक्त अर्ध्या मालमत्तेची विल्हेवाट लावता येते, बाकीचा अर्धा हक्काच्या वारसांचा.

तेव्हा पुण्यात तीन वर्षे एकत्र राहिलेल्या जोडप्यातला एक जण म्हापशाचा असेल, तर त्यांनी आपसात लिहिलेला सहमालकीचा कागद, कितीही नीट असला तरी, लग्नाच्या व्यवस्थेचा कागद होत नाही. तो वेगळा करावा लागतो, आणि त्याला मुदत आहे. पत्रिका छापायला टाकण्याआधी गोव्यातल्या वकिलाला भेटावे. नंतर भेटलात तर तो फक्त कायदा समजावून सांगू शकेल.

बाकीच्यांसाठी माझा सल्ला कोरडा आहे. नात्याच्या करारावर एक रुपयाही खर्च करू नका. तेच पैसे खरेदीखत, सहमालकीचा करार आणि नोंदणीकृत मृत्युपत्र यांवर घाला. दोघे दोन वेगळ्या वकिलांकडे जा, भले एकच जण फी भरत असेल. आणि लग्न झाल्यावर त्याच महिन्यात भविष्य निर्वाह निधीचे नामनिर्देशन पुन्हा भरा.